पाहुणी मोटार आणि जकातीचा जामीन

स्वतःची मोटार हाकीत परदेशात जाणारा प्रवासी सीमेवरील नाक्यापाशी येऊन थांबतो, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांपुढे एकाच वेळी तीन प्रश्न उभे राहतात. या माणसाला आत येऊ द्यावे काय, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर पारपत्र व प्रवेशपत्र यांवरून मिळते. त्याला येथील रस्त्यावर मोटार चालविण्याचा अधिकार आहे काय, हा दुसरा. त्याचे उत्तर मुख्यतः १९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनीव्हा येथे झालेल्या रस्ते-वाहतूक कराराने दिले. आंतरराष्ट्रीय चालक-परवाना आणि वाहनाच्या मागील बाजूस पांढऱ्या लंबवर्तुळात काळ्या अक्षरांनी लिहिलेली देशाची खूण (भारताची 'आयएनडी') या गोष्टी त्या कराराने सर्वपरिचित केल्या. तिसरा प्रश्न खुद्द मोटारीचा असून तो सर्वांत अवघड आहे. प्रवाशाच्या लेखी मोटार हे वाहन असते, तर सीमाशुल्क खात्याच्या लेखी ती चार चाकांवर चालून आलेली विक्रीयोग्य वस्तू असते. या दोन दृष्टींतील विरोध कायद्याने कसा सोडविला, आणि त्या तोडग्याचा भार अखेरीस कोणावर पडतो, याचा विचार येथे केला आहे.

१. तात्पुरत्या आयातीची कल्पना

आयात शुल्क सीमा ओलांडण्याच्या क्षणी वसूल होत असले, तरी ते ओलांडण्याबद्दल नसते. वस्तू देशात खपेल, वापरात राहील, या गृहीतावर ते आकारलेले असते. हा भेद मराठी वाचकाला नवा नाही. पेशवाईतील जकातीत माल भरण्याच्या ठिकाणचे 'थळभरीत' आणि माल विकण्याच्या ठिकाणची 'थळमोड' असे प्रकार वेगळे मानले जात. मालाचे पुढे काय व्हावयाचे आहे यावर आकारणी अवलंबून असावी, ही दृष्टी त्यामागे दिसते.

पाहुण्याची मोटार खपण्यासाठी येत नाही; ती परत जावयाची असते. मात्र ती खरोखरच परत जाईल, हे प्रवेशाच्या वेळी कोणीही सिद्ध करू शकत नाही. प्रत्येक प्रवाशाकडून पूर्ण शुल्क घेऊन परतीच्या वेळी ते फेडावे, हा एक मार्ग. परंतु पाच देश ओलांडणाऱ्यास पाच वेळा मोटारीच्या किमतीएवढी रोकड बाळगावी लागेल. केवळ शब्दावर विश्वास ठेवावा, हा दुसरा. पण मोटारींवर जबर शुल्क असलेल्या देशात हा विश्वास म्हणजे चोरट्या आयातीस आमंत्रणच. या दोहोंमधील मार्ग म्हणजे जामीन. अधिकारी अनोळखी प्रवाशावर विश्वास ठेवीत नाही; ज्ञात अशा संस्थेवर ठेवतो.

२. १९५४ चा करार आणि मार्गपत्र

ही पद्धत मोटार-संघांनी पूर्वीच रूढ केली होती. तिला व्यापक आंतरराष्ट्रीय रूप ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे संमत झालेल्या, खाजगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयीच्या कराराने दिले. परदेशात वास्तव्य असलेल्या व्यक्तीने अल्पकाळच्या भेटीत खाजगी उपयोगासाठी आणलेले वाहन शुल्कातून व आयातबंदीतून मुक्त असावे, हे त्याचे मुख्य सूत्र आहे. वाहनाच्या नेहमीच्या टाकीतील इंधन आणि दुरुस्तीसाठी आणलेले सुटे भाग यांनाही ही सवलत लागू होते. भाड्याने उतारू वाहणे मात्र तिच्या कक्षेबाहेर आहे.

या सवलतीचे साधन म्हणजे 'कार्ने द पासाज आं दुआन', अर्थात सीमाशुल्क-मार्गपत्र. ही एक पुस्तिका असते. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: एक भाग प्रवेशाच्या नाक्यावर फाडून घेतला जातो, दुसरा निर्गमनाच्या नाक्यावर, आणि दोन्ही शिक्के असलेली स्थळप्रत प्रवाशाजवळ उरते. दोन्ही नाक्यांवरील तुकड्यांचा मेळ बसला की त्या देशापुरता हिशेब मिटतो. पुस्तिकेची मुदत सामान्यतः एक वर्षाची असते.

कागदामागील साखळी याहून महत्त्वाची आहे. प्रवासी स्वदेशातील मोटार-संघाकडे तारण ठेवतो. भारतात १९१९ साली स्थापन झालेली मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मार्गपत्रे देणारी संस्था आहे. स्वदेशातील संघ आंतरराष्ट्रीय महासंघाला बांधलेला असतो, आणि भेटीच्या देशातील संघ तेथील सीमाशुल्क खात्यापुढे हमीदार म्हणून उभा राहतो. मोटार परत गेली नाही, तर खाते आपल्या देशातील संघाकडे पैसे मागते आणि ती मागणी साखळीतून मागे सरकत प्रवाशाच्या तारणापाशी येऊन थांबते. तारणाची रक्कम मोटारीची किंमत आणि प्रवासातील देशांपैकी सर्वाधिक शुल्काचा दर यांवरून ठरते. म्हणजे दहा देशांपैकी नऊ उदार आणि एकच कठोर असला, तरी तारण त्या एकाच्या मापाने द्यावे लागते.

३. मोटार परत जाऊ शकली नाही तर

कोणत्याही जामिनाची खरी परीक्षा वचनभंगाच्या वेळी होते. अपघातात मोटार निकामी झाली आणि अपघात अधिकृतपणे शाबीत झाला, तर करारानुसार तीन वाटा खुल्या असतात: शुल्क भरून ती तेथेच ठेवणे; कोणताही खर्च न लावता ती सरकारच्या स्वाधीन करणे; किंवा सरकारी देखरेखीखाली ती नष्ट करणे. तिन्ही वाटांचे तत्त्व एकच: वस्तू त्या देशात शुल्काविना उपयोगात येता कामा नये. ज्याची गाडी दरीत कोसळली त्याला हे निर्दय वाटेल. परंतु कायद्याची दृष्टी नुकसानीवर नसून उरलेल्या लोखंडाच्या उपयोगावर असते. चोरीचे प्रकरण याहून बिकट. चोरलेली मोटार त्याच देशात कोणाच्या तरी वापरात जाण्याचा संभव असल्याने, पोलिसांचा दाखला असूनही शुल्काची मागणी होऊ शकते.

अडचणीचा आणखी एक प्रकार आहे आणि त्यात कोणाचाही अपराध नसतो. गर्दीच्या नाक्यावर निर्गमनाचा शिक्का राहून जातो. प्रवासी मोटारीसह सुखरूप घरी पोहोचतो, पण दप्तरात त्याची मोटार अद्याप परदेशातच असते. यावर उपाय म्हणून मोटार स्वदेशी पाहिल्याचा सीमाशुल्क अधिकारी, वकिलात किंवा पोलीस यांचा दाखला पुरावा म्हणून मांडता येतो. हिशेब मिटला नसल्याची सूचना खात्याने मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत हमीदार संघाला न दिल्यास त्याचा मागणीचा हक्क उरत नाही, आणि सूचनेनंतर पुरावा आणण्यास संघाला एक वर्ष मिळते. तथापि हे सारे सिद्ध करण्याचा भार प्रवाशाच्या बाजूस असतो, हे विसरता येत नाही.

४. दोन प्रदेश, दोन रीती

मार्गपत्राची गरज सर्वत्र सारखी नाही. पश्चिम युरोपात वाहनांची संख्या वाढत गेली तशी प्रत्येक गाडीसाठी कागद फाडणे अशक्य होऊ लागले आणि पर्यटकांपुरती ही पुस्तिका हळूहळू अनावश्यक ठरली. १ जुलै १९६८ पासून युरोपीय आर्थिक समुदायातील सहा देशांत अंतर्गत शुल्क संपले. १ जानेवारी १९९३ पासून एकसंध बाजारपेठेत अंतर्गत सीमांवरील शुल्क-तपासणीही उरली नाही. आज युरोपीय संघाबाहेरील रहिवासी आपली खाजगी मोटार सर्वसाधारणपणे सहा महिने तेथे वापरू शकतो, आणि त्यासाठी नाका ओलांडणे हीच घोषणा मानली जाते. ब्रिटनचा संक्रमणकाल ३१ डिसेंबर २०२० रोजी संपल्यानंतर तेथील मोटारींनाही हाच बाहेरच्यांचा नियम लागू झाला.

परंतु कागद गेला म्हणून तत्त्व गेले नाही. संघाबाहेर नोंदलेली ती मोटार पाहुण्याने संघातील रहिवाशाला वापरण्यास दिली, तर काही ठरावीक अपवाद वगळता सवलत नाहीशी होते आणि शुल्काचे देणे उभे राहते. स्नेह्याच्या हाती किल्ली देण्याइतकी साधी गोष्ट कायद्याला आयातीसारखी दिसते. कारण मोटार आता पाहुणी राहिलेली नसते.

दक्षिण व पश्चिम आशियात चित्र निराळे आहे. भारत, पाकिस्तान, इराण येथे मार्गपत्राचे महत्त्व टिकून राहिले. देशी मोटार-उद्योगाच्या संरक्षणासाठी भारतात परदेशी बनावटीच्या तयार मोटारींवर दीर्घकाळ शंभर टक्के वा त्याहून अधिक शुल्क होते. जेथे शुल्क मोटारीच्या किमतीएवढे, तेथे शुल्क चुकविण्याचा मोहही तेवढाच. याच प्रदेशात नेपाळचा अपवाद लक्षणीय ठरतो. भारतीय मोटारीस तेथे मार्गपत्र लागत नाही. रक्सौल–वीरगंज किंवा सोनौली–भैरहवा यांसारख्या नाक्यांवरील 'भन्सार' कार्यालयात दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरून ती आत जाते. येथे जामिनाऐवजी भाडे आले आहे; खुल्या सीमेवर रोज ये-जा करणाऱ्या लोकांसाठी हीच रीत सोयीची.

करार असले तरी दार उघडे असेलच असे नाही, याचेही उदाहरण जवळच आहे. युरोपातून भारतात येणाऱ्या मोटारींचा परंपरागत मार्ग अटारीच्या नाक्यावरून जात असे. पहलगाम येथील हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने ते ठाणे बंद केले. मार्गपत्र शुल्काची हमी देते. प्रवेशाची देत नाही.

५. निष्कर्ष

या विवेचनावरून असे दिसते की, पाहुण्या मोटारीविषयीचे नियम वरवर पाहता वाहतुकीचे असले, तरी त्यांचा कस देशाच्या शुल्कदरांनी ठरतो. दर उतरले की कागद गळून पडतो. दर चढे राहिले की जामीन मागितला जातो. जामिनाची पद्धत राज्याच्या महसुलाचे उत्तम रक्षण करते, यात शंका नाही. पण तिची किंमत जो तारण ठेवू शकतो त्याच्याकडूनच घेतली जाते, आणि जो ठेवू शकत नाही तो नाक्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून एखाद्या देशाची सीमा प्रवाशाला किती खुली आहे हे अभ्यासताना प्रवेशपत्रांच्या नियमांबरोबर मोटारींवरील शुल्काचे कोष्टकही तपासले पाहिजे.