घरीं शिवलेली बाराबंदी

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरांत श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते. बाराव्या शतकांतील या शिवयोग्याच्या यात्रेंत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि त्या उंच काठ्या तोलून धरणारे भक्त अंगांत पांढरी बाराबंदी घालतात. हा वेष शहरांतील मुलांच्या परिचयाचाच असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनांत मावळ्याचें सोंग घ्यावयाचें झालें तरी पुन्हां बाराबंदीच लागते. मग भाड्याच्या पोषाखासाठीं धांवाधांव होते. तो पोषाख कोणाच्याच मापाचा नसल्यामुळें टाचण्यांनीं आवळलेला, झगमगीत आणि बगलेंत काचणारा असतो. मावळ्यानें तलवार उगारली कीं शिवण उसवते, व वीररसाच्या जागीं हास्यरस प्रगट होतो!

वास्तविक, ज्यानें कधीं साधा सदराहि शिवला नाहीं त्यानें प्रथम हातीं घ्यावें असें वस्त्र बाराबंदीच होय. तिला गुंड्या नाहींत, काजें नाहींत, कॉलर नाहीं. पुढचे दोन पदर एकमेकांवर घेऊन बंदांनीं बांधावयाचे. म्हणून माप बोटभर चुकलें तरी गांठ सैल वा घट्ट करून निभावतें.

कापड सुती असावें. साटिनाच्या मोहांत नवशिक्यानें पडूं नये. तें कात्रीखालीं निसटतें आणि कडेला सुटतें. मावळ्यास मळकट रंगाचा कोरा मांजरपाट शोभतो, नंदीध्वजाच्या मानकऱ्यास धुवट पांढरें कापड. सोलापुरांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी निघाली; ती आज बंद असली तरी गणवेश शिवणारे कारखाने शहरांत पुष्कळ आहेत व सुती कापड मिळण्यास अडचण पडत नाहीं. सोलापुरी चादरीची बाराबंदी करण्याची कल्पना मात्र सोडून द्यावी. तें जाड विणकामाचें कापड घरगुती सुईस दाद देत नाहीं. कोरें कापड रात्रभर पाण्यांत भिजवून वाळवावें. तें आटावयाचें तें शिवण्यापूर्वींच आटलेलें बरें.

छातीचें माप २४ इंच असलेल्या मुलास ३६ इंच पन्ह्याचें दोन मीटर कापड पुरतें. पाठीचा तुकडा १५ इंच रुंद, पुढचे दोन पदर प्रत्येकीं १२ इंच. तिघांची लांबी २१ इंच. पुढचे पदर मिळून पाठीहून बरेच रुंद होतात, तें एकावर एक येण्यासाठींच. बाह्या १३ इंच चौरस. गळ्यासाठीं खांद्याचे ५ इंच सोडून तेथून पदराच्या मोकळ्या कडेपर्यंत तिरकस रेघ मारावी. हें सर्व आधीं वर्तमानपत्रावर कापून मुलाच्या अंगास लावून पाहावें. कागद फुकट गेला तर कोणी रडत नाहीं.

खरी परीक्षा बगलेंत होते. बाही सरळ असल्यामुळें हात वर करतांच सगळा ताण एका बिंदूवर येतो. यासाठीं ४ इंच चौरस तुकडा बगलेंत घालावा : लगतच्या दोन बाजू बाहीच्या दोन कडांस, उरलेल्या दोन धडाच्या पुढील व मागील कडांस. सुती कापड उभ्या वा आडव्या दोऱ्याच्या दिशेनें फारसें ताणलें जात नाहीं, पण तिरकस ओढलें तर चांगलें लवतें. हात उचलला म्हणजे हा चौकोन कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, म्हणजे नेमका तिरकस, ओढला जातो. नंदीध्वज तोलणाऱ्याचे हात सतत वर असतात. त्याच्या अंगरख्यांत या तुकड्याचें महत्त्व सांगावयास नको. भाड्याच्या पोषाखांत हाच तुकडा बहुधा गाळलेला असतो.

शिवण्याचा क्रम असा : प्रथम खांदे, मग बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवून बाह्या, नंतर बगलेचे चौकोन, आणि शेवटीं बाही व कूस. यंत्र नसेल तर धावदोऱ्यावर विसंबूं नये. उलटी टीप घालावी. धावदोरा केवळ कच्चें टांकण्यापुरता.

आतां बंद. बारा बंद म्हणजे सहा जोड्या, आणि येथेंच उत्साह संपतो. दीड इंच रुंद, दहा इंच लांब पट्ट्या कापून कडा आंत दुमडाव्या, पुन्हां मधोमध दुमडून टीप मारावी. दोन जोड्या आंतल्या पदरास व चार बाहेरच्या पदरास पुरतात. कोणता पदर वर यावयाचा तें खडूनें आधींच खुणावून ठेवावें, नाहींतर सहावी जोडी लावतांना पहिली उलट लागल्याचें कळतें. मुलें एकमेकांचे बंद ओढणारच. म्हणून प्रत्येक बंदामागें आंतून लहान चौकोनी ठिगळ ठेवून चारहि बाजूंनीं टीप द्यावी.

खालची दुमड शिवण्यापूर्वीं मुलास बाराबंदी घालून दोन्ही हात डोक्यावर नेण्यास सांगावें, घरांतून एक फेरी धांवूं द्यावें. दुमड चांगली दोन इंच ठेवावी. पुढील वर्षीं उंची वाढली कीं ती उसवून सोडतां येते.