तारीख तीच, गोष्ट वेगळी

१५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. एका शाळेच्या फळ्यावर त्या दिवशी रंगीत खडूने सुरेख अक्षरात लिहिलेलं पाहिलं : ‘भारताला ऑलिंपिकचे पहिले पदक मिळवून देणारे खाशाबा.’ खाली लंगोट कसलेला पैलवान. चित्र काढणाऱ्याने दंड आणि मांड्या इतक्या मन लावून रंगवल्या होत्या की वाक्यातली चूक दाखवायला जीव धजेना. पण ती दाखवायला हवी, कारण त्या चुकीने खाशाबा मोठे होत नाहीत.

भारताचं ते पहिलं पदक नव्हतं. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदकं मिळवली आणि ती भारताच्या नावावर नोंदली गेली. २६ मे १९२८ रोजी ॲमस्टरडॅमला जयपाल सिंग यांच्या संघाने हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलं. मग १९३२, १९३६ आणि १९४८ला पुन्हा सुवर्ण. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत मिळालेलं खाशाबांचं कांस्य हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. हे वाक्य जरा लांबतं, फळ्यावर मावत नाही, पण खाशाबांचं खरं मोठेपण त्यातच आहे. हॉकीत अकरा जण एकमेकांना सांभाळून घ्यायचे. गादीवर खाशाबा एकटे होते. आणि त्यांच्यानंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला थेट ३ ऑगस्ट १९९६पर्यंत, अटलांटात लिअँडर पेसने टेनिसचं कांस्य जिंकेपर्यंत थांबावं लागलं. मध्ये ४४ वर्षं गेली.

दुसरा समज आणखी पक्का आहे : लाल मातीतला गडी, गादी कधी पाहिलेली नाही, नुसत्या रांगड्या ताकदीवर पदक घेऊन आला. ऐकायला हे छान वाटतं, पण माणसाची सगळी मेहनत त्यात पुसली जाते. खाशाबा हेलसिंकीच्या आधी चार वर्षं, १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये खेळले होते आणि ५२ किलो वजनगटात सहावे आले होते. गादीवर पाय कसा ठेवायचा, तिथले नियम काय, हे तेव्हा त्यांना रीस गार्डनर या प्रशिक्षकाने शिकवलं. त्यानंतरची चार वर्षं त्यांनी तयारीत घालवली आणि ते वरच्या, ५७ किलोच्या गटात उतरले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव : प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची आणि त्याला उचलून खाली आणायचं. तो मातीत घोटलेला होता हे खरं, पण गादीवर तो चालवायला वेगळा सराव लागतो, हे कुठल्याही तालमीतला वस्ताद सांगेल.

हेलसिंकीला त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. पुढे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून ते हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य. ‘उपान्त्य फेरी हरले, मग कांस्यपदकाची कुस्ती जिंकले,’ असं आजच्या पद्धतीवरून सांगितलं जातं, तेही बरोबर नाही. त्या काळी प्रत्येक कुस्तीच्या निकालावरून दोषगुण जमा होत, ठरावीक आकडा गाठला की मल्ल स्पर्धेबाहेर. शेवटी उरलेल्या तिघांत तीन पदकं वाटली गेली. कांस्यासाठी वेगळी लढत नव्हतीच.

पदकाचा दिवस २३ जुलै १९५२. आणि याच हेलसिंकीत दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ असं हरवलं. सहापैकी पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे. इतक्या झळाळत्या सुवर्णाच्या आदल्या दिवशी आलेलं कांस्य देशाच्या नजरेतून निसटलं, असं मला वाटतं. त्यांच्या कऱ्हाडच्या नजरेतून मात्र नाही. खाशाबा परतले तेव्हा तिथे बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक निघाली. त्या गर्दीला ठाऊक होतं की हा पैलवान एकट्याच्या बळावर गेला नव्हता. लंडनवारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. हेलसिंकीसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, त्यांच्या गोळेश्वर गावातल्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. आपल्या विद्यार्थ्यासाठी राहतं घर गहाण टाकणारा हा माणूस फळ्यावरच्या एका ओळीत कसा मावणार? अर्जुन पुरस्कार खाशाबांना मिळाला तो १४ ऑगस्ट १९८४ला अपघाती निधन झाल्यानंतर अनेक वर्षांनी. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

१५ ऑगस्ट १९३६चंही असंच. बर्लिन ऑलिंपिकच्या हॉकी अंतिम सामन्यात ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८-१ असं हरवलं तो हा दिवस, आणि ‘आपल्या खेळाडूंनी १५ ऑगस्टच निवडला’ असे संदेश दरवर्षी फिरतात. तारीख कुणी निवडली नव्हती. सामना १४ तारखेला होता, पावसाने मैदान भिजलं म्हणून एक दिवस पुढे गेला. आणि १९३६मध्ये १५ ऑगस्टला काही अर्थच नव्हता, तो अकरा वर्षांनी आला. खरी हकिकत याहून सरस आहे. सामन्यापूर्वी संघाबरोबर गेलेल्या पंकज गुप्ता यांनी खेळाडूंच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि ब्रिटिश भारताच्या नावाने खेळणाऱ्या त्या संघाने त्याला सलाम केला.

हिटलरने ध्यानचंदांना जर्मन सैन्यात हुद्दा देऊ केला, ही गोष्ट तर पाठ्यपुस्तकासारखी तोंडपाठ झालेली आहे. त्या काळातला तिचा पुरावा नाही आणि ध्यानचंदांच्या स्वतःच्या ‘गोल’ या १९५२च्या आत्मकथनातही तिचा उल्लेख नाही. त्यांनी त्या सामन्यात सहा गोल केले असंही कुठे कुठे छापलेलं असतं. बहुतेक नोंदींत त्यांचे तीन आहेत. उरलेल्या पाचांत संघातल्या दारा यांचे दोन. दारांना स्पर्धा सुरू असताना भारतातून बोलावून घेतलं होतं, ते उपान्त्य सामन्यापर्यंत पोहोचले. सहाचा आकडा धरला की ध्यानचंदांच्या पदरात आणखी तीन गोल पडतात आणि इतरांचे तीन नाहीसे होतात. २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिनही काहींना बर्लिनच्या विजयाचा दिवस वाटतो. तो ध्यानचंदांचा जन्मदिवस.

राहिला १८ जून १९८३. क्रिकेट विश्वचषकात झिंबाब्वेविरुद्ध टनब्रिज वेल्सच्या मैदानावर कपिल देव नाबाद १७५. ‘५ बाद १७ असताना कपिल आला’ हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. कपिल आला तेव्हा धावफलक ४ बाद ९ होता. पाचवा गडी, यशपाल शर्मा, संघाच्या १७ धावांवर गेला तेव्हा कपिल आधीच समोर उभा होता आणि हे सगळं पाहत होता. सामना बाद फेरीचा नव्हता, साखळीतला होता आणि षटकं ५० नव्हे, ६० होती. झिंबाब्वे शेवटी ३१ धावांनी हरलं, म्हणजे प्रतिस्पर्धी काही सहज पडलेले नव्हते.

१४०वर आठवा गडी, मदनलाल, बाद झाला तेव्हा किरमाणी मैदानात उतरला. तिथून डाव संपेपर्यंत दोघांनी नवव्या गड्यासाठी १२६ धावांची अभंग भागी केली. त्यात किरमाणीच्या २४ होत्या, नाबाद.