फुकट आणि मुक्त : इंटरनेटवरील नभोवाणीसाठी आज्ञावलीची निवड

स्मृतिव्याख्यानमालेच्या या पुस्तिकेत मुख्य व्याख्यानासोबत एखादा शास्त्रीय विषयावरील सोपा लेख असावा, असा आपल्या शाळेचा प्रघात आहे. यंदा मी जो विषय घेतला आहे तो माजी विद्यार्थ्यांनीच मला सुचविला, असे म्हणावयास हरकत नाही. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांतील ज्येष्ठ मंडळींना पुणे-मुंबईची केंद्रे ऐकावयाची असतात. घरातील मुले मोबाइलवर काहीतरी लावून देतात. सहा महिन्यांनी ते बंद पडते. मग विचारणा होते, की 'सर, चांगले आणि फुकट असे कोणते घ्यावे?' या प्रश्नातील 'फुकट' हा शब्दच मला प्रथम तपासावयाचा आहे.

परंतु त्याआधी जुन्या रेडिओविषयी दोन शब्द. मध्यलहरींवरील दूरची केंद्रे दिवसा ऐकू येत नसत आणि रात्री स्पष्ट येत, हे अनेकांच्या स्मरणात असेल. सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या भागात विद्युद्भारित कणांचा जो खालचा थर तयार होतो, तो मध्यलहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरापर्यंत पोहोचतात आणि तेथून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. या व्यवस्थेत श्रोता आणि प्रक्षेपक यांच्यामध्ये कोणीही नव्हते. टपाल कार्यालयात शुल्क भरून रेडिओचा परवाना काढावा लागे हे खरे. पण रात्री कोण कोणते केंद्र लावतो, हे प्रक्षेपकाला कळण्याचा मार्ग नव्हता.

इंटरनेटवरील नभोवाणीची रचना याहून मुळातच निराळी आहे. येथे लहर सर्वत्र पसरत नाही. केंद्राचा ध्वनी अंकांत रूपांतरित होऊन एका संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, येतो आणि प्रत्येक श्रोता त्याच्याकडे स्वतंत्रपणे मागणी करतो. हजार श्रोते असतील तर हजार प्रवाह वाहतात. प्रत्येक प्रवाहाला एक पत्ता असतो. हा पत्ता म्हणजेच पूर्वीच्या तबकडीवरील आकडा. ज्याच्याजवळ पत्ता आहे आणि तो वाचणारी आज्ञावली आहे, त्याला अन्य कोणाची गरज नाही. अडचण अशी, की बहुतेक आज्ञावल्या हा पत्ता श्रोत्याला दाखवीतच नाहीत. केंद्राचे नाव आणि चित्र तेवढे दिसते. पत्त्यांची यादी कंपनीच्या सर्व्हरवर राहते.

याचा परिणाम काय होतो हे 2021 साली दिसून आले. परदेशांत निरनिराळ्या नावांनी विकले गेलेले कित्येक इंटरनेट रेडिओ-संच केंद्रांच्या यादीसाठी 'रेसिव्हा' नावाच्या एकाच सेवेवर अवलंबून होते. त्या वर्षी ती सेवा बंद झाली. केंद्रांचे प्रसारण चालू होते, संचही धडधाकट होते. मधली यादी तेवढी नाहीशी झाली, आणि चांगले संच मुके झाले. याच्या उलट उदाहरण 'स्क्वीझबॉक्स' या संचाचे. लॉजिटेक कंपनीने त्याची निर्मिती 2012 साली थांबविली आणि त्याची इंटरनेटवरील सेवा 2024 साली बंद केली. परंतु या संचाला ध्वनी पुरविणारी आज्ञावली मुक्त परवान्याखाली होती. वापरकर्त्यांनीच ती पुढे चालविली, तिला 'लिरियन' असे नवे नाव दिले, आणि घरच्या संगणकावर ती बसवून ते संच आजही वाजविता येतात.

फुकट आणि मुक्त यांतील अंतर हेच. इंग्रजीत या दोन्ही कल्पनांना एकच शब्द असल्यामुळे तेथे मोठा घोटाळा होतो; आपल्या भाषेत सुदैवाने दोन शब्द आहेत, ते आपण जपून वापरावेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला आणि 1985 साली त्यासाठी प्रतिष्ठान स्थापिले. त्यांच्या मते वापरकर्त्याला चार स्वातंत्र्ये असतील तरच आज्ञावली मुक्त : ती कोणत्याही कामासाठी चालविण्याचे, तिची मूळ संहिता अभ्यासून तीत बदल करण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि सुधारलेली प्रतही वाटण्याचे. किमतीचा येथे उल्लेखच नाही.

'विनॅम्प' हे याचे बोधप्रद उदाहरण. 1997 साली आलेली ही आज्ञावली कोट्यवधी लोकांनी पैसे न देता वापरली, आणि इंटरनेटवरील नभोवाणीच्या पहिल्या बहरात तिचा वाटा मोठा होता. पण तिची संहिता बंद होती. मालकी बदलत गेली. 2013 साली ती गुंडाळण्याची घोषणा झाली, पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीने ती घेतली. 2024 साली संहिता सर्वांना दाखविण्यात आली खरी, परंतु सुधारलेली प्रत वाटण्यास परवान्यात मनाई होती. आणि काही आठवड्यांतच ती संहिताही मागे घेण्यात आली. म्हणजे पाहावयास खुली, तरीही मुक्त नव्हे.

आता निवडीकडे वळतो. संगणकासाठी माझी पसंती 'व्हीएलसी'ला आहे. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांचा हा 1996 सालचा उपक्रम. 2001 साली तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला. ती दिसावयास फारशी देखणी नाही, आणि केंद्रे शोधून देण्याच्या कामी दुबळीच आहे. पण पत्ता दिला की बहुतेक सर्व प्रकारचे प्रवाह ती वाजविते. 'मीडिया' या सूचीत 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' निवडावे, पत्ता लिहावा, एवढेच. अशी पाच-दहा केंद्रे जमली की ती यादी एमथ्रीयू प्रकारच्या फाइलीत साठवावी. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. कोणत्याही लेखन-आज्ञावलीत ती उघडते, पेनड्राइव्हवर नेता येते, भावंडांना पाठविता येते. कोणतीही आज्ञावली घेण्यापूर्वी मी हीच परीक्षा घेतो : माझी यादी मला बाहेर काढता येते काय? येत नसेल, तर बाकीचे गुण मी पाहत नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी 'रिदमबॉक्स' आणि 'शॉर्टवेव्ह' या मुक्त आज्ञावल्या आहेत. पैकी दुसरी, तसेच अँड्रॉइड मोबाइलवरील 'रेडिओड्रॉइड', 'रेडिओ ब्राउझर' या सार्वजनिक सूचीतून केंद्रे शोधते. ही सूची श्रोत्यांनीच भरलेली असल्याने तीत चुका असतात, मेलेले पत्तेही असतात; परंतु नवा पत्ता कोणालाही भरता येतो. मुक्त आज्ञावलीची शेवटची आवृत्ती केव्हाची आहे, हेही पाहून घ्यावे. मुक्त असूनही वाली नसलेल्या आज्ञावल्या पुष्कळ आहेत. आणि व्हीएलसी घ्यावयाची ती तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. अन्यत्र तिच्या प्रतींबरोबर जाहिरातींचे लचांड चिकटवलेले आढळते.

प्रसार भारतीची स्वतःची फुकट आज्ञावली आहे, ती वाईट असे मी म्हणत नाही. ज्येष्ठांना ती सोपी पडते. ती अवश्य ठेवावी. फक्त आपल्या आवडत्या केंद्रांचे पत्ते वेगळे लिहून ठेवावेत. ते मधूनमधून बदलतात, तेव्हा वर्षातून एकदा ताडून पाहावेत.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला 64 किलोबिट या गतीचा प्रवाह तासाला सुमारे 29 मेगाबाइट घेतो; रोज दोन तास ऐकल्यास महिन्याला पावणेदोन गिगाबाइटच्या आसपास. 128 किलोबिटला याच्या दुप्पट. बातम्या, भाषणे यांना 64 पुरेसे आहे. शास्त्रीय गायनाला मात्र जेथे अधिक गती मिळेल तेथे ती घ्यावी.

एका बाबतीत मुक्त आज्ञावलीही जुन्या रेडिओची बरोबरी करू शकत नाही. श्रोत्याच्या जोडणीचा पत्ता सर्व्हरला दिसतोच. त्याशिवाय ध्वनी पाठवावयाचा कोठे? परंतु नभोवाणी ऐकविण्यासाठी आपल्या संपर्कांची यादी किंवा आपण कोठे आहोत याची माहिती मागण्याचे कारण नाही. तशी मागणी झाली तर नकार द्यावा, आणि नकारानंतर जी आज्ञावली चालत नाही ती काढून टाकावी.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना. हा ध्वनी लहान लहान तुकडे करून पाठविला जातो आणि काही तुकडे साठल्यावरच वाजू लागतो. त्यामुळे तो प्रत्यक्ष प्रसारणाच्या काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही, मागे असतो. बातम्यांपूर्वीच्या ठोक्यांवर घड्याळ लावण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी ते काम जुन्या संचावरच करावे.