दंड थांबतो तेव्हा चेंडू सुटतो
सॉफ्टबॉलमधील विंडमिल पिचिंग : हाताच्या तंत्राचा आढावा

२००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला ३-१ असं नमवून जपानने सुवर्णपदक मिळवलं. टोकियोत २०२१ साली जपानने अंतिम फेरीत पुन्हा अमेरिकेलाच २-० असं हरवलं, तेव्हाही पहिला चेंडू टाकायला उएनोच उभी होती. वय ३९. इतका काळ इतकं ओझं नुसत्या दंडाच्या बळावर पेलत नाही. हात कसा फिरतो, कुठे सैल असतो आणि कुठे थांबतो, यावर सगळं अवलंबून असतं.

महिलांच्या सामन्यात पिचिंग प्लेट ते होम प्लेट हे अंतर ४३ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर. चेंडूचा घेर १२ इंच. ताशी १०५ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू बॅटरपर्यंत सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो. चेंडू सुटताना हात कमरेच्या खाली हवा आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून लांब जाता कामा नये, असं नियम सांगतो. याच बंधनात राहून अमेरिकेच्या मोनिका ॲबटने २०१२ साली ताशी ७७ मैलांचा, म्हणजे जवळपास १२४ किलोमीटरचा चेंडू टाकला. हा वेग येतो कुठून?

घड्याळातला हात

विंडमिल पिचिंगमध्ये हात खांद्याभोवती पूर्ण वर्तुळात फिरतो. प्रशिक्षक आणि अभ्यासक हे वर्तुळ घड्याळाच्या भाषेत सांगतात. हात समोर आला की तीन, डोक्यावर गेला की बारा, मागून उतरताना नऊ आणि पुन्हा मांडीजवळ आला की सहा. उजव्या हाताच्या पिचरचं शरीर बारा वाजता तिसऱ्या बेसच्या बाजूला उघडलेलं असतं. पुढचा पाय साधारण याच सुमारास जमिनीवर येतो आणि घट्ट रोवला जातो. पुढे धावत आलेल्या शरीराला तो पाय रोखतो. पावलांकडून आलेली गती मग कंबर, धड, खांदा, कोपर अशी वर चढत शेवटी बोटांत उतरते.

नऊच्या काट्यापासून पुढचा क्षणार्ध निर्णायक असतो. कोपर किंचित वाकलेलं, तळहात शरीराबाहेर वळलेला, चेंडू मागे रेंगाळणारा. दंड बरगड्यांजवळ येऊन मंदावतो, कोपरापुढचा हात कमरेला घासून जातो आणि आतल्या बाजूला झपकन वळतो. आसुडाची मूठ थांबली की टोक सुसाटतं, तसाच इथे दंड थांबतो तेव्हा चेंडू सुटतो. म्हणूनच दंड थांबवायला शिकणं हे तो जोरात फिरवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. कमरेला होणारा हा स्पर्श चुकीचा नाही. हात दर वेळी त्याच जागी येतो आहे, याची पिचरला मिळणारी ती खूण आहे.

मनगटाचा गैरसमज

कित्येक वर्षं मुलींना वेगळंच शिकवलं गेलं. बारा वाजता चेंडू दुसऱ्या बेसकडे दाखवायचा, हात सरळ रेषेत खाली ओढायचा, मनगट जाणूनबुजून झटकायचं आणि शेवटी कोपर कॅचरच्या दिशेने उचलायचं. अनेक सरावांत आजही सुरुवात मनगट झटकण्यापासूनच होते. उत्तम पिचरांची संथ गतीतली चित्रफीत मात्र दुसरंच दाखवते. त्यांचं मनगट सैल असतं. ते वळतं, पण मागून आलेल्या गतीमुळे वळतं. हात कुठे संपतो तेही ठरवून केलेलं नसतं, सुटका नीट झाली की तो आपोआप शरीराच्या पुढून वर जातो. मनगट आधीच आवळलं की कोपर लॉक होतं, हात एखाद्या दांड्यासारखा ताठ फिरतो आणि वेगाचा सगळा बोजा खांद्यावर पडतो.

बोटांचं काम

सुटकेच्या क्षणी बोटं चेंडूला फिरकी देतात. पकड तळव्यात नको, बोटांच्या पेरांवर हवी, आणि बोटं शिवणीवर आडवी हवीत. चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी मिळाली की ड्रॉप बॉल लवकर खाली जातो. उलट्या फिरकीमुळे राइज बॉलला हवेचा आधार मिळतो, तो अपेक्षेपेक्षा कमी पडतो आणि बॅटरला वर उसळल्याचा भास होतो. चेंज-अप या मुद्दाम संथ टाकलेल्या चेंडूत हाताचा वेग तोच ठेवून पकड किंवा सुटका बदलायची. हात हळू केला तर बॅटरला डाव आधीच कळतो. वर्तुळ पक्कं झाल्याशिवाय मुलीला पाच प्रकारचे चेंडू शिकवण्याची घाई करू नये.

खांद्याची किंमत

खालून फेकणं नैसर्गिक आहे, म्हणून त्यात दुखापत नाही, हा समज धोकादायक आहे. १९९६च्या ॲटलांटा ऑलिंपिकमधील पिचरांच्या अभ्यासात खांद्याच्या सांध्याला बाहेर खेचणारं बल शरीराच्या वजनाच्या सरासरी ८० टक्के आढळलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात विंडमिल फेकीत दंडाच्या पुढच्या स्नायूवर वरून फेकण्यापेक्षा जास्त ताण येतो, असं दिसलं. त्या स्नायूचं टोक खांद्याच्या सांध्यात जातं, म्हणूनच खांद्याच्या पुढच्या बाजूची दुखणी पिचरांना इतकी सतावतात. उएनोचे ४१३ चेंडू हा पराक्रम आहे, पण तो चौदा वर्षांच्या मुलीचा आदर्श होऊ नये.

आपल्या मैदानांवर

महाराष्ट्रात शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळला जातो. क्रिकेट पाहत वाढलेल्या मुलीला हात ताठ ठेवणं सहज येतं, कारण गोलंदाजाला चेंडू टाकताना कोपर सरळ करण्यावर मर्यादा असते. विंडमिलमध्ये मात्र तेच कोपर सैल आणि किंचित वाकलेलं हवं. या एका फरकावर प्रशिक्षकाने पहिले काही आठवडे द्यावेत.

सराव शेवटाकडून सुरू करावा. आधी नऊच्या काट्यापासून जवळच्या जाळीत हलके चेंडू टाकावेत, कमरेचा स्पर्श आणि हाताचं वळण बसवावं, मग पूर्ण वर्तुळ घ्यावं आणि पावलं शेवटी जोडावीत. मोबाइलवर संथ गतीत बाजूने चित्रण करावं आणि ते मुलीसोबत बसून पाहावं. सराव आणि सामना मिळून किती चेंडू टाकले, त्याची वही ठेवावी. खांदा दुखतो म्हणणाऱ्या मुलीला त्याच दिवशी विश्रांती द्यावी, सामना कितीही मोठा असला तरी. पिचरवरच सामना उभा राहतो. तिचा खांदा टिकवणं हे जिंकण्याच्या तयारीचं पहिलं काम आहे, आणि वही-मोबाइलपलीकडे त्यासाठी खर्चही लागत नाही.