उसाच्या रसाची प्रकाशानें पारख

विश्रांतवाडीहून वाघोलीच्या बाजूस गेलें असतां काळ्या दगडाच्या खाणी लागतात. तेथील पाषाणाच्या पोकळ्यांतून नाना प्रकारचे स्फटिक निघतात. त्यांत कॅल्साइटही असतें. त्याचा एखादा निवळ, पारदर्शक तुकडा हातीं आला तर विद्यार्थ्यांनीं तो छापील पानावर ठेवून पाहावा. प्रत्येक अक्षर दुहेरी दिसेल! प्रकाशाचा किरण त्या स्फटिकांत शिरतांच दुभंगतो, व एरव्हीं चोहों दिशांनीं होणारीं त्याचीं कंपनें प्रत्येक शाखेंत एकाच दिशेनें होऊं लागतात. अशा प्रकाशास ध्रुवीभूत प्रकाश म्हणतात. इ. स. १८२८ मध्यें विल्यम निकोल यानें कॅल्साइटचे दोन तुकडे जोडून असा लोलक तयार केला कीं, त्यांतून एकच शाखा पार जाते.

असे दोन लोलक एकापुढें एक ठेवून दुसरा काटकोनांत फिरविला कीं पलीकडे अंधार होतो. मध्यें पाण्याची नळी ठेवली तरी अंधार कायम. पाण्यांत मीठ घातलें तरी कायम. पण साखर विरघळविली कीं अंधारांत उजेड शिरतो! साखरेचे अणुगुच्छ उजव्या-डाव्या हातांप्रमाणें एकाच बाजूचे घडलेले असतात, आणि ते कंपनाची दिशाच वळवितात. दुसरा लोलक किती अंश फिरविला असतां पुन्हां अंधार होतो, एवढेंच मोजावयाचें. द्रवांचा हा गुण बिओ नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८१५ सालीं दाखविला.

२६ ग्रॅम शुद्ध साखरेचें १०० मिलिलिटर द्रावण २० सेंटिमीटर लांबीच्या नळींत भरलें, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशांत ही दिशा सुमारें ३४.६ अंश उजवीकडे वळते. कारखान्यांत याच वळणास शंभर मानून साखरेचें प्रमाण वाचतात; त्यास 'पोल' म्हणतात.

१९५०-५१ च्या हंगामांत प्रवरेकांठीं सहकारी कारखाना सुरू झाला, आणि पुढें असे कारखाने महाराष्ट्रभर पसरले. उसाचा दर साखरेच्या उताऱ्याशीं जोडलेला असल्यामुळें हें मोजमाप केवळ प्रयोगशाळेची हौस नव्हे. रसाच्या घनतेवरून साखर ओळखावी म्हटलें तर फसगत होते, कारण क्षारांनींही घनता वाढते. चिपाडांतून व मळींतून किती साखर वायां गेली, तेंही पोलवरूनच कळतें.

ऊस तोडल्यावर मोळ्या उन्हांत पडून राहिल्या कीं साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतें. पहिलें प्रकाशास उजवीकडे वळवितें, दुसरें त्याहून जोरानें डावीकडे. शेतकऱ्याच्या डोळ्यांस मोळी तशीच दिसते. रसही गोडच लागतो. पण त्यांतून पोत्यांत पडणारी साखर कमी झालेली असते. शिवाय डावें वळण उजव्यांतून वजा होऊन पोल खऱ्या साखरेहूनही कमी दिसतो. म्हणून नीट पारख करावयाची असतां रसायनज्ञ एकाच रसाचें माप दोनदां घेतो: एकदां जसाच्या तसा, आणि एकदां आम्ल घालून सारी साखर मुद्दाम फोडल्यावर. दोन मापांमधील अंतरावरून खरी साखर निघते.