सुई त्वचेत की स्नायूत?

पावसाळा तोंडावर आला की वाचकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मुलीला लहानपणापासून इसब आहे, तिला फ्लूची लस चालेल का? चालेल. इसब आहे म्हणून ही लस टाळायचं काहीच कारण नाही.

पण ही भीती उगाच आलेली नाही. तिचं मूळ देवीच्या लशीत आहे. त्या लशीत जिवंत विषाणू असायचा आणि इसबाच्या त्वचेवर तो पसरत जाऊन जिवावर बेतायचा. २००७ मध्ये अमेरिकेत एका सैनिकाला ही लस टोचली होती. इसब असलेल्या त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला नुसत्या सहवासातून लागण झाली. मूल वाचलं, पण त्यासाठी डॉक्टरांना तेव्हा प्रयोगावस्थेत असलेलं औषधही वापरावं लागलं. फ्लूच्या टोचायच्या लशीत मात्र जिवंत विषाणू नसतोच, त्यामुळे पसरणार काय?

मग उरतो दुसरा, जास्त रंजक प्रश्न. इसब असलेल्यांच्या शरीरात लस तितकीच काम करते का? संशोधक डोनाल्ड ल्युंग आणि सहकाऱ्यांनी २०१२-१३ च्या हंगामात अमेरिकेत ३४७ जणांना लस देऊन हे तपासलं. काहींना नेहमीसारखी दंडाच्या स्नायूत, काहींना बीसीजीसारखी त्वचेच्या थरात. एकंदरीत इसब असलेले आणि नसलेले यांच्यात फरक दिसला नाही. पण इसब असलेल्यांपैकी ज्यांच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू ठाण मांडून होता, त्यांच्यात त्वचेतल्या लशीचा परिणाम कमी पडला, विशेषतः बी प्रकारच्या विषाणूविरुद्ध. स्नायूत टोचलेल्यांमध्ये ही तूट नव्हती. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या बहुतेकांच्या त्वचेवर हा जिवाणू असतोच, म्हणून संशोधकांचा सल्ला स्पष्ट होता: यांना सुई स्नायूतच द्या.

हे सगळं मोजलं ज्या चाचणीनं, तिच्या जनकाचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. जॉर्ज हर्स्ट. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ते कोंबडीच्या अंड्यांत फ्लूचा विषाणू वाढवत होते. अंड्यातला द्रव काढताना रक्तवाहिनी फाटली, रक्त द्रवात मिसळलं आणि तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. विषाणूच त्या पेशींना एकमेकींशी जोडत होता! विषाणूत रुग्णाचा रक्तद्रव मिसळला आणि त्यात प्रतिपिंडं असतील तर ती विषाणूला अडवतात, गुठळ्या होत नाहीत, पेशी सुट्या घरंगळून तळाशी कुंकवाच्या टिकलीसारख्या जमतात. रक्तद्रव दहापट, वीसपट, चाळीसपट पातळ करत जायचा आणि टिकली कुठवर टिकते ते पाहायचं. महागडं यंत्र नाही, नुसती नजर. ऐंशी वर्षांनंतरही फ्लूच्या बहुतेक लशी याच कसोटीवर घासल्या जातात. मला तर ही विसाव्या शतकातली सर्वांत देखणी चाचणी वाटते.

तिची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. चाळीसपट पातळ करूनही गुठळ्या रोखल्या तर लस ‘लागली’ असं धरतात, पण या पातळीला फ्लूचा धोका साधारण निम्मा होतो, शून्य नाही. शिवाय ल्युंग यांनी २८ दिवसांनंतरची प्रतिपिंडं मोजली. हिवाळाभरात कुणाला फ्लू झाला, हे नाही.

त्वचेत द्यायची ती लस आता अमेरिकेच्या बाजारात नाही. पण सूक्ष्म सुयांच्या पट्टीचा गाजावाजा सुरू आहे: घरच्या घरी मनगटावर चिकटवा, डॉक्टर नको, शीतपेटी नको. कल्पना सुंदर आहे, २०१७ मध्ये तिच्या पहिल्या टप्प्यातल्या एका मानवी चाचणीचे निकालही चांगले आले. मात्र ही पट्टीही लस त्वचेतच सोडते. तिच्या पुढच्या चाचण्यांत इसब असलेले लोक हवेत, आणि त्यांच्या त्वचेवर कोणते जिवाणू आहेत याची नोंदही हवी. तोवर इसबवाल्यांनी दंडावरची सुईच घ्यावी, आणि टोचताना जिथं चट्टा नाही अशी जागा दाखवावी.