साठ दिवसांची बंदी, कायमची तरतूद

तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजीराजांच्या पुत्राने, १६९३ साली कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले व त्यास शहाजीराजपुरम् असे नाव ठेवले. एखादे कार्य टिकावे असे वाटत असेल, तर त्यास दरसालचे उत्पन्न नेमून दिले पाहिजे, हे त्या राजवटीला उमगले होते. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांनी तंजावरात धन्वंतरी महाल उभारला आणि रुग्णसेवेलाही राज्याच्या खर्चात स्थान मिळाले.

आज त्याच तमिळनाडूत राज्याच्या खर्चाचा प्रश्न अधिक निकडीच्या रूपात उभा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी सर्वाधिक २२,७४६ महाराष्ट्रात आणि त्याखालोखाल १९,८३४ तमिळनाडूत. लोकसंख्येच्या मानाने तमिळनाडूचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या दुपटीहून अधिक भरते. देशभरातील या मृतांत चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसे रोजंदारीवर पोट भरणारी होती.

कायद्याची उणीव नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्या रोखण्यासाठी कार्यक्रम आखण्याचे व राबविण्याचे, तसेच प्रयत्नातून वाचलेल्यांवर उपचार व त्यांचे पुनर्वसन करण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे. २०२२ च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठरविले. निधीचे चित्र मात्र निराळे आहे. ‘टेलि-मानस’ या दूरध्वनी सेवेसाठी केंद्रीय अर्थसंकल्पात २०२३-२४ मध्ये सुमारे १३४ कोटी रुपयांची तरतूद होती. पुढील वर्षी ती ९० कोटींवर आली. म्हणजे माणशी एक रुपयाही नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने उरलेला भार राज्यांनीच उचलावयाचा आहे.

या कार्यास अवाढव्य रक्कम लागते असेही नाही. तिरुविसनल्लूरच्या उत्तरेस, कोल्लिडम नदीपलीकडे, कडलूर जिल्ह्यातील काट्टुमन्नारकोविल परिसरात फुलशेती करणारी गावे आहेत. चेन्नईत १९८६ साली डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ संस्थेने तेथील दोन गावांत सामायिक कीटकनाशक-कोठारे उभारली. प्रत्येक कप्प्याला दोन किल्ल्या. एक शेतकऱ्याकडे, दुसरी व्यवस्थापकाकडे. विष घरात राहिले नाही, आणि तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा तेथील आत्महत्या अधिक घटल्या. प्रयोग लहान होता, पण त्याची दिशा श्रीलंकेच्या अनुभवाशी जुळते. तेथे अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. संकटाचा क्षण बहुधा अल्प असतो; तेवढा वेळ साधन दूर राहिले तर माणूस वाचतो.

आपल्याकडे मात्र उपाय मुदतीचे असतात. २०१७ साली यवतमाळमधील फवारणीच्या विषबाधांनंतर महाराष्ट्राने काही कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी घातली. पुढे तमिळनाडूनेही आत्महत्या रोखण्यासाठी सहा कीटकनाशकांवर तेवढ्याच मुदतीची बंदी आणली. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये राज्यांचा अधिकार जवळपास तेथेच संपतो. कायमचा निर्णय केंद्राच्या हाती असतो. साठ दिवस सरतात आणि डबे पुन्हा दुकानाच्या फळीवर येतात.

प्रशासनात उमर घालविलेल्या कोणासही एक गोष्ट ठाऊक असते: ज्या कामाला अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष नाही, ते काम फायलीत चालते, गावात पोहोचत नाही. वाचलेला जीव कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही, म्हणूनच काटकसरीची पहिली कुऱ्हाड अशा कामावर कोसळते. तेव्हा प्रत्येक राज्याने आत्महत्या-प्रतिबंधासाठी वेगळे शीर्ष उघडावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशकांची पदे कायमस्वरूपी भरावीत. रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाची पुढील वर्षभर विचारपूस होण्याची व्यवस्था करावी. आणि गावोगावच्या कोठारांचा खर्च कृषी व आरोग्य खात्यांनी वाटून घ्यावा. अतिविषारी कीटकनाशकांचा निकाल केंद्राने लावावा.

शहाजीराजांनी विद्येसाठी गावाचे उत्पन्न तोडून दिले. लोकशाही शासनाने माणसाच्या जिवासाठी निदान अर्थसंकल्पातील एक ओळ कायमची राखून ठेवावी, ही अपेक्षा मोठी म्हणता येणार नाही.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. मानसिक ताण असह्य होत असल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.)